जबाबात गाळलेला शब्द

बाईंचे आई-वडील दोघंही जन्मापासून बहिरे. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आई घरी बसून शिवणकाम करायची. बाईंना मात्र ऐकू येत होतं, आणि त्या एकुलत्या एक. त्यामुळे बोलायला लागल्यापासून त्या घराचे कान झाल्या. दूधवाला, डॉक्टर, घरमालक, कोणीही दारात आलं की त्याचं बोलणं आधी बाईंच्या कानात शिरायचं, आणि मग त्यांच्या बोटांतून आईपर्यंत पोचायचं.

पोचायचं खरं, पण जसंच्या तसं नाही. बाई आठ वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. खालच्या मजल्यावरचा घरमालक तणतणत वर आला. "सांग तुझ्या आईला, तिच्या मशीनची खडखड तिला ऐकू येत नसेल, आम्हाला येते! डोकं उठवलंय नुसतं!" आई मशीनवरून मान वर करून लेकीच्या हातांकडे बघत होती. बाईंनी क्षणभर विचार केला आणि खुणेने सांगितलं, "मालक म्हणतात, तुझं काम जोरात चाललंय." आई खूश. तिने उठून तिथल्या तिथे मालकाच्या गळ्याचं माप घेतलं आणि आठवड्याभरात त्याला एक सदरा शिवून पाठवला. मालक त्यानंतर कधी वर आला नाही. समोर दिसला की खालमानेने निघून जायचा.

अशी कितीतरी बोलणी बाईंनी मधल्या मधे मवाळ केली. कोणी "बिचारी" म्हणालं की त्या "हुशार" सांगत. आईला लागू नये एवढाच हेतू. पुढे त्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका झाल्या, लग्न-बिग्न काही केलं नाही, वडील गेल्यावर आईला सांभाळत राहिल्या. बोलताना हात स्वस्थ राहात नसत म्हणून गल्लीतली पोरं त्यांना हातवारेबाई म्हणायची. त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत त्यांना वाटत होतं की आपण आयुष्यात कोणाचं वाईट केलेलं नाही.

त्यांचं नाव पोलिसांच्या आणि कोर्टाच्या दुभाष्यांच्या यादीत होतं. वर्षाकाठी चार-दोन बोलावणी यायची. कुठे घराच्या वाटणीचं भांडण, कुठे सायकलची चोरी. त्या दिवशी अकराच्या सुमाराला, तिसरीच्या वर्गात वजाबाकी चालू असताना, शिपाई सांगत आला की ठाण्यातून फोन आहे.

"बाई, लगेच या," पलीकडून अधिकारी बाई म्हणाल्या. "मुलगी बहिरी आहे. तुमचीच विद्यार्थिनी होती म्हणे."

ठाण्याच्या आतल्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि कपाटावर दोरीने बांधलेले कागदांचे गठ्ठे. खुर्चीत बसलेल्या मुलीला बाईंनी लगेच ओळखलं. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. हिच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून हनुवटीला बोट टेकवलं की ती. आपणही तिला तीळवालीच म्हणू. सहा वर्षांची असताना ती बाईंच्या वर्गात आली होती, आता सव्वीस वर्षांची होती. धुलाईच्या कारखान्यात कामाला. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे पोत्यांनी यायच्या. दुहेरी पलंगाची चादर घडी करायला बाकीच्यांना दोन माणसं लागत, ही एकटी करायची.

शेजारी तिची थोरली बहीण पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. बहिणीचा नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. टंकलेखन करायला एक हवालदार, बोटं कळफलकावर ठेवून तयार. अधिकारी बाईंनी आपला फोन कागदांच्या गठ्ठ्यावर तिरका उभा केला. "असल्या जबाबाचं चित्रण करावंच लागतं," त्या म्हणाल्या. "हं, विचारा तिला, काय झालं."

बाईंनी विचारलं. तीळवालीने सांगायला सुरुवात केली.

खुणांच्या भाषेत आडपडदा ठेवणं अवघड. बोलणारा माणूस "काहीतरी झालं" म्हणून मोकळा होऊ शकतो. हातांना मात्र कोण कुठे उभं होतं, कोणाचा हात कुठे होता, ते दाखवावंच लागतं. तीळवालीने दाखवलं. मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, मुकादमाने तिला वाळवणीच्या खोलीत चादरी उतरवायला बोलावलं. दार लावलं. एका हाताने तिची मान भिंतीशी दाबून धरली. ती मान हलवून नको म्हणत होती, हे तिने तीनदा दाखवलं. आणि दुसऱ्या हाताने त्याने काय केलं तेही तिने जसं घडलं तसं, न अडखळता सांगितलं. हात नुसता लागला नव्हता. त्याने बोटांनी तिच्या शरीरात शिरून जबरदस्ती केली होती. मग ओठांवर बोट ठेवून त्याने तिला गप्प राहायला सांगितलं आणि दार उघडून निघून गेला.

सांगताना तिचा चेहरा दगडासारखा होता. हात मात्र स्पष्ट होते, शाळेत बाईंनीच शिकवले होते तसे.

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. हवालदाराची बोटं वाट बघत होती. बहीण पुढे वाकून हळूच म्हणाली, "जरा जपून सांगा हो बाई. उद्या हिचं लग्न व्हायचंय." दारातला मेहुणा खाकरला.

बाईंच्या ओठांशी शब्द आले आणि तिथेच अडले. असले शब्द त्यांनी जन्मात कधी उच्चारले नव्हते. त्या म्हणाल्या, "त्याने तिला भिंतीशी दाबून धरलं. आणि... गैरप्रकार केला. नको तिथे हात लावला."

"हात लावला? कपड्यांवरून?"

"नाही. आतून."

"बाकी काही नाही ना?" अधिकारी बाईंनीही आवाज खाली आणला. "म्हणजे, तसं काही नाही ना झालं?"

बाईंच्या मते 'तसं' म्हणजे एकच गोष्ट होती, आणि ती तर झाली नव्हती. त्या म्हणाल्या, "तसं नाही."

हवालदाराने खडखड टाइप केलं. कागद बाहेर आला. तीळवालीने सही करायच्या आधी बाईंकडे बघून विचारलं, "सगळं सांगितलंत?"

"सगळं," बाईंनी खूण केली.

त्या कागदावर 'स्पर्श' लिहिलं होतं, म्हणून पुढचं सगळं स्पर्शाच्या हिशेबाने झालं. इस्पितळातल्या डॉक्टरने कागद वाचला, मानेवरचे वळ लिहून घेतले, वेदनेची गोळी दिली आणि घरी पाठवलं. आतली तपासणी झालीच नाही. गुन्हा विनयभंगाचा नोंदला गेला. मुकादम तिसऱ्या दिवशी जामिनावर सुटला आणि पुढच्या सोमवारी कारखान्यात हजर झाला. मालकाने तीळवालीला मात्र निरोप धाडला, "प्रकरण मिटेपर्यंत तू घरीच राहा."

बाई शाळेत वजाबाकी शिकवत राहिल्या. अधूनमधून त्या मुलीचे हात डोळ्यांपुढे यायचे. मग त्या मनाशी म्हणायच्या, तक्रार तर झाली ना, आता कायदा बघून घेईल.

पाच महिने गेले. एका रविवारी दुपारी तीळवाली बाईंच्या घरी आली. बाईंची आई, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, खिडकीपाशी शेंगा सोलत बसली होती. तिने आनंदाने हनुवटीला बोट लावलं आणि पोरीला जवळ बसवून घेतलं. तीळवालीने पिशवीतून ठाण्यातल्या कागदांची झेरॉक्स काढली. तिला वाचता यायचं ते बेताचंच. एका शब्दाखाली तिने पेनाने रेघ मारली होती.

"हा शब्द काय?" तिने विचारलं.

शब्द होता विनयभंग. बाईंनी खुणेने समजावलं: बाईच्या अंगाला वाईट हेतूने हात लावणं, तिचा अपमान करणं.

"फक्त हात लावणं?"

"हो."

"मी तसं नव्हतं सांगितलं." तिने परत एकदा दाखवलं. तेच हात, तसेच स्पष्ट. "मी हे सांगितलं होतं. हे कागदावर कुठे आहे? बोट ठेवून दाखवा."

बाईंनी कागद हातात घेतला. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. काय नाही ते त्यांना पक्कं माहीत होतं, तरी शोधल्यासारखं केलं. शेवटी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नाहीये."

"का?"

बाई कागदाचा मुडपलेला कोपरा सरळ करू लागल्या. तीळवालीने कागद गोळा केले, पिशवीत भरले आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही.

आईने शेंगा बाजूला ठेवल्या. तिने ते हात बघितले होते, त्यामुळे तिला काही विचारायची गरज नव्हती. तरी तिने विचारलं, "तू तिथे काय सांगितलंस?"

"हात लावला म्हणून सांगितलं."

"का?"

"लाज वाटली. तिथे पुरुष होते. तिची बहीण म्हणाली, जपून सांगा. आणि मला वाटलं, एवढं पुरे."

मग आईचे म्हातारे, सुयांनी टोचलेले हात उठले. "मला पण असंच सांगत आलीस का? इतकी वर्षं?"

"आई, तुला वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट वाटून घ्यायचं की नाही ते मी ठरवलं असतं," आई म्हणाली. "माझ्या कानांना ऐकू येत नव्हतं. मी वेडी नव्हते." आणि तिने मान खिडकीकडे वळवली. बहिऱ्या माणसाने मान फिरवली की बोलणं संपतं, मग तुम्ही कितीही हात हलवा.

दुसऱ्या दिवशी बाई अर्धी रजा टाकून सरकारी वकिलांकडे गेल्या. वकील टक्कल पडलेले, सतत खोकणारे गृहस्थ. त्यांच्या खोलीत बसायला जागा करायची तर खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवाव्या लागत आणि जमिनीवरच्या आणखी कुठेतरी. बाईंनी सगळं सांगून टाकलं. या वेळी जो शब्द अडला होता तोही सांगितला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत का होईना.

वकील खोकायचे थांबले.

"बाई, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळलंय का?" ते म्हणाले. त्यांनी कपाटातून कायद्याचं जाडजूड पुस्तक काढलं, पान शोधलं आणि सावकाश वाचून दाखवलं. शरीरात शिरणं, मग ते कितीही प्रमाणात असो, पुरुषाच्या कुठल्याही अवयवाने असो वा वस्तूने असो, बाईच्या संमतीवाचून केलं की तो बलात्कार.

"कुठल्याही?" बाईंनी विचारलं.

"कुठल्याही. बोटही आलं त्यात. पूर्वीचा कायदा वेगळा होता. पूर्वी तुमच्या त्या 'तसं'लाच बलात्कार म्हणायचे. कायदा बदलून कितीतरी वर्षं झाली, माणसांच्या डोक्यातला बदलला नाही. तुमच्या नाही आणि त्या अधिकारी बाईच्याही नाही. तिने 'तसं' विचारलं, तुम्ही 'तसं नाही' म्हणालात, आणि दोघींनी मिळून त्याला बक्षीस दिलं. विनयभंगाला फार तर पाच वर्षं. याला कमीत कमी दहा, वर जन्मठेप."

बाईंनी विचारलं, "आता काय करता येईल?"

"आरोप वाढवून मागता येईल. पण त्यासाठी तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागेल आणि सांगावं लागेल की भाषांतर चुकीचं केलं. चुकलं नव्हे हं, केलं. समोरचा वकील तुमची सालटी काढेल. आणि दुभाषी म्हणून तुम्हाला त्या खटल्यात बसता येणार नाही, दुसरं माणूस आणावं लागेल."

"आणा," बाई म्हणाल्या.

"तिची वैद्यकीय तपासणी तेव्हा झाली असती तर मला तुमची गरजही पडली नसती," वकील म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत, हळहळून बोलले. बाईंना राग परवडला असता.

त्यांनी नवीन जबाब दिला. ही बातमी शाळेत पोचायला दोन दिवस लागले. मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं. "तुम्ही कशाला नसत्या भानगडीत पडता? पालक काय म्हणतील? शाळेचं नाव उगाच वर्तमानपत्रात येईल." बाई म्हणाल्या, "मुलगी आपल्याच शाळेची आहे." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "होती." तीळवालीच्या बहिणीचाही फोन आला. ती रडत होती. "बाई, एवढं मिटत आलं होतं. तुम्ही मोठा शब्द आणलात. आता लोक तोच बोलणार." बाईंना तिचीही दया आली. पण त्यांनी एवढंच सांगितलं, "शब्द मी आणलेला नाही. तिने पहिल्या दिवशीच सांगितला होता."

खटला उभा राहिला तेव्हा वर्ष उलटलं होतं. असले खटले बंद दाराआड चालतात. बाहेरच्या कोणाला आत सोडत नाहीत, आणि एका साक्षीदाराला दुसऱ्याची साक्ष ऐकू देत नाहीत. तीळवालीची साक्ष दोन दिवस चालली. बाई बाहेरच्या लाकडी बाकावर बसून होत्या. दुसऱ्या गावाहून तरुण दुभाषी मुलगी आली होती, केस बारीक कापलेली. मधल्या सुट्टीत ती आणि तीळवाली व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहून पाणी प्यायच्या. बाईंना लांबून त्यांचे हात दिसायचे, आणि त्या नजर वळवायच्या. दुसऱ्याचं बोलणं चोरून बघू नये हे त्यांना आईने शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा पुकारा झाला. कोर्टाची खोली वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. मुकादम पडद्यापलीकडे बसला होता, त्याचे नुसते बूट दिसत होते, पॉलिश केलेले.

बचावाचे वकील उंच, गोड आवाजाचे. "बाई, तुम्ही किती वर्षं दुभाषी आहात?"

"अठ्ठावीस."

"पहिल्या जबाबाच्या वेळी खरं तेच सांगेन म्हणून लिहून दिलं होतंत?"

"हो."

"मग तेव्हा खोटं बोललात की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा."

वकिलांना एवढ्या सरळ उत्तराची अपेक्षा नसावी. "का?"

"मला ते शब्द तोंडाने उच्चारायची लाज वाटली."

"लाज! अठ्ठावीस वर्षं अनुभव असलेल्या बाईला? की मधल्या पाच महिन्यांत मुलीने तुम्हाला येऊन पढवलं?"

"ती आली होती. तिने विचारलं, मी सांगितलेलं कागदावर कुठे आहे. ते नव्हतं."

"म्हणजे एकदा जी व्यक्ती खोटं बोलली तिच्यावर कोर्टाने विश्वास ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवू नका," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी चित्रण झालं होतं. तिच्या हातांवर ठेवा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. पन्नाशीच्या, शांत चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी चित्रण भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावायला सांगितलं. अधिकारी बाईंचा फोन गठ्ठ्यावर तिरका ठेवला होता, त्यामुळे चित्र अर्धवट आलं होतं. तीळवालीचा चेहरा वर कापला गेला होता. दिसत होते ते फक्त गळ्याखालचं शरीर आणि दोन हात. तरुण दुभाषी मुलीने पडद्यावरचे हात वाचले आणि जो शब्द बाईंनी गाळला होता तो खणखणीत आवाजात सांगितला. तिची जीभ अडखळली नाही. मग चित्रणातून बाईंचा आवाज आला, "नको तिथे हात लावला." स्वतःचा तो मवाळ, समजूतदार आवाज ऐकताना बाईंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बचावाच्या वकिलांनी लगेच दुसरा पवित्रा घेतला. "युअर ऑनर, या भाषेत नकार मानेने आणि चेहऱ्याने देतात. चित्रात चेहराच नाही. म्हणजे कृती झाली असं क्षणभर मानलं, तरी मुलीने नको म्हटल्याचं त्या दिवशी सांगितलं होतं कशावरून? तिने आरडाओरडा केला नाही. बहिऱ्या माणसाला किंचाळता येतं. ढकललं नाही. त्याच्या अंगावर ओरखडा नाही."

ते विचारत न्यायाधीशांना होते, पण बघत बाईंकडे होते. न्यायाधीश म्हणाल्या, "साक्षीदाराला आठवतं का?"

बाईंना आठवत होतं. त्यांनी हात वर केले. आधी तीळवालीने दाखवलं तसं सगळं हातांनी दाखवलं, मान भिंतीशी दाबलेली, दुसरा हात, आणि त्या दाबलेल्या मानेवरचं, डावी-उजवीकडे जेमतेम हलू शकणारं डोकं. मग तेच तोंडाने सांगितलं, प्रत्येक अवयवाचं नाव घेऊन. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ती नको म्हणत होती असं तिने मला तीनदा सांगितलं. हे शब्द तेव्हाच्या जबाबात एकदाही नाहीत. ते मी सांगितलेच नाहीत."

बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या. तीळवाली समोरूनच गेली. थांबली नाही.

निकाल चार महिन्यांनी लागला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, झटापट न करणं म्हणजेही होकार नव्हे, अंगावर जखम असलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मान दाबून धरलेल्या बाईने डोकं हलवून दिलेला नकार हा पुरेसा नकार आहे. मुकादमाला बलात्कारासाठी दहा वर्षं सक्तमजुरी झाली. सरकारी वकील खोकत खोकत हसले. मुकादमाची बायको व्हरांड्यात भिंतीला धरून उभी होती, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

निकालपत्रात तीळवालीचं नाव नव्हतं, कायद्यानेच ते झाकलेलं असतं. बाईंचं नाव मात्र होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. दुभाष्यांच्या यादीतून ते काढून टाकावं असंही लिहिलं होतं. शाळेने त्यांना काही म्हटलं नाही, पण वार्षिक कार्यक्रमात सूत्रसंचालकांचं बोलणं खुणांत सांगायचं काम दुसऱ्या शिक्षिकेला दिलं.

दोन आठवड्यांनी तीळवालीचा फोनवर मजकूर आला. छोटी छोटी, मोडकी वाक्यं. निकाल बेचाळीस पानं. दुभाषी मुलगी गावी गेली. बहीण वाचत नाही, रडते. तुम्ही वाचून दाखवा. सगळं. एक शब्द गाळायचा नाही.

तीन रविवार लागले. तीळवाली यायची, स्वैपाकघरातल्या टेबलाशी समोर बसायची आणि बाईंच्या हातांवरून नजर हलवायची नाही. आई खिडकीतली आपली जागा सोडून टेबलाच्या टोकाला येऊन बसायची. मान फिरवली त्या रविवारपासून आईचं लेकीशी बोलणं कामापुरतंच होतं, पण वाचन चालू असताना ती उठायची नाही. कायद्याची भाषा बोजड. बाई एकेक वाक्य फोडून सांगत. कुठे नेमकी खूण नसली की कोशातून शब्द काढून अक्षरं लिहून दाखवत, आणि तिघी मिळून त्याला खूण ठरवत. संमतीसाठी त्यांचा अर्धा तास गेला. आईने सुचवलेली खूण तीळवालीला पटली: दोन्ही तळहात आपण होऊन उघडणं.

तिसऱ्या रविवारी एकतिसावं पान आलं. बाईंना ठाऊक होतं त्यावर काय आहे. त्यांनी ते शंभरदा वाचलं होतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि हात उचलले.

"या दुभाषी बाईंनी," त्या सांगू लागल्या, "पीडितेचं म्हणणं जाणूनबुजून सौम्य केलं. त्यामुळे वेळेवर वैद्यकीय तपासणी झाली नाही आणि महत्त्वाचा पुरावा कायमचा हरवला. पीडितेकडे स्वतःचे शब्द होते. ते तिच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. नंतर त्यांनी चूक कबूल केली ही गोष्ट त्यांच्या बाजूची आहे, परंतु त्यामुळे झालेलं नुकसान भरून निघत नाही."

मध्येच 'जाणूनबुजून'पाशी त्यांचे हात जड झाले होते. तरी ती खूण त्यांनी नीट, पूर्ण केली. आई बघत होती. तीळवाली बघत होती.

"बरोबर लिहिलंय," तीळवाली म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि बाईंनी विचारलंही नाही. उरलेली पानं संध्याकाळपर्यंत संपली. शेवटी न्यायाधीशांची सही आणि तारीख. तीळवालीने कागद सरळ करून त्यांना टाचणी लावली. मग आठवल्यासारखं करून पिशवीतून आणखी एक पाकीट काढलं, कालच आलेलं. मुकादमाने वरच्या कोर्टात अपील केलं होतं.

"म्हणजे परत सगळं सांगावं लागेल?" तिने विचारलं.

"बहुतेक नाही. तिथे कागद बघतात. हेच कागद."

"आणि तो सुटेल?"

बाईंचे हात टेबलावर होते. "नाही, नाही सुटणार" ही खूण सोपी होती, दोन बोटांची, आणि ती त्यांच्या बोटांत आली होती. त्यांनी ती केली नाही.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सुटूही शकतो."

तीळवालीने मान डोलावली आणि पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. "हे पण वाचा."

आई दिवा लावायला उठली. बाईंनी पाकिटातले कागद उलगडले.